दोन्ही बाजूंनी सारखी गाठ

जुन्या पेढ्यांवर लाल कापडाच्या बांधणीची लांब वही असे आणि तिच्याभोवती दोरा गुंडाळलेला असे. संध्याकाळी रोजमेळ जुळला की मुनीमजी वही मिटून त्या दोऱ्याला गाठ मारीत. ती सुरगाठ असे. सकाळी एका झटक्यात सुटावी म्हणून. परगावी जाणाऱ्या मालाच्या गठ्ठ्याला मात्र निरगाठ बसे. वाटेत कोणाच्या हाताने सहज सुटू नये म्हणून. कोणती गाठ कोठे मारावी, हे व्यापारी घरातील मुलाला वेगळे शिकवावे लागत नसे. आपल्या भाषेनेही गाठीला मोठा मान दिला आहे. पैसा गाठीशी असतो, अनुभव गाठीला बांधला जातो, निश्चयाची खूणगाठ असते, विवाहाची लग्नगाठ असते आणि वैर धरले तर मनातही गाठच बसते.

या साध्या गाठीने आज एक वेगळेच रूप घेतले आहे. पुण्याच्या तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतील बोहरी आळीत केसांच्या वस्तूंचे दुकान पाहिले, तर क्लिपा, रबरबँड आणि अंबाड्यात खोचायच्या काड्या यांवर चकाकत्या दोऱ्याच्या सुबक, गुंतागुंतीच्या गाठी बसवलेल्या दिसतात. काहींना खाली गोंडे असतात. ही चिनी गाठकामाची शैली होय. यातील पुष्कळसा माल चीनच्या चच्यांग प्रांतातील यीवू या शहरातून येतो. किरकोळ वस्तूंच्या घाऊक व्यापाराचे ते जगातील फार मोठे केंद्र आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे या व्यवसायात आहेत. म्हणून ही गाठ कशी बनते, तिच्यामागे काय परंपरा आहे आणि ती आपल्याकडे बनवायची झाल्यास तिचा हिशेब कसा मांडावा, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

चीनमध्ये गाठीची कथा फार जुनी आहे. लिपी निर्माण होण्यापूर्वी लोक दोऱ्याला गाठी मारून नोंदी ठेवीत आणि पुढे ज्ञानी पुरुषांनी त्या जागी लेखन आणले, असा उल्लेख ‘यी चिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या परिशिष्टात येतो. म्हणजे गाठ ही एका अर्थाने पहिली खातेवहीच होय. केसांशीही तिचे नाते जुळलेले आहे. विवाहप्रसंगी वर आणि वधू यांच्या केसांच्या बटा एकत्र बांधण्याची प्रथा तेथे होती, आणि ‘बांधलेले केस’ हाच शब्द पहिल्या विवाहाच्या दांपत्यासाठी रूढ झाला. आपल्याकडे उपरणे आणि शालू यांची गाठ बांधतात, तेथे केसांची, भाव एकच.

चिंग राजवटीत पंखे, बटवे, पोशाख आणि दागिने यांवर अशा गाठी व गोंडे सर्रास लावले जात. विसाव्या शतकातील उलथापालथीत ही कला मागे पडली. ती पुन्हा उजेडात आणण्याचे मोठे श्रेय तैवानमधील लिडिया चेन या विदुषीकडे जाते. त्यांनी जुन्या वस्तूंवरील गाठी उकलून पाहिल्या, जाणत्यांकडून पद्धती समजून घेतल्या आणि 1981 मध्ये तैपेई येथून पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी अकरा मूळ गाठी निश्चित करून दाखवल्या. मुळाक्षरे आली की शब्द लिहिता यावेत, तसे या मूळ गाठींच्या जुळणीतून पुढील सगळे नमुने तयार होतात.

यांतील काही गाठी जैन वाचकाला ओळखीच्या वाटतील. एक गाठ आहे ‘वान’ नावाची. तिचा मध्य स्वस्तिकासारखा दिसतो. चिनी भाषेत स्वस्तिकचिन्हाचा उच्चार ‘वान’ असा होतो आणि ‘वान’ म्हणजे दहा हजार, अर्थात अपार समृद्धी. दुसरी गाठ ‘फान्छांग’. आडव्या-उभ्या फेऱ्यांची ही जाळीदार गाठ आरंभ-अंत नसलेल्या बौद्ध मंगलचिन्हाशी जोडली जाते, आणि त्या चिन्हाचे संस्कृत नाव आहे श्रीवत्स. श्वेतांबर परंपरेच्या अष्टमंगलांत श्रीवत्स आहेच. तीर्थंकरांच्या वक्षावर ते कोरलेले असते, आणि मथुरेच्या कंकाली टेकडीत सापडलेल्या प्राचीन आयागपटांवरही ते आढळते. आपल्या श्रीवत्साची आकृती वेगळी आहे, हे खरे. परंतु नाव आणि मंगलभाव या दोन्ही गोष्टी धर्मासोबत हिमालय ओलांडून गेल्या. तिसरी गाठ ‘दोन नाण्यांची’. चौकोनी भोकाची दोन जुनी नाणी एकमेकांवर अर्धी ठेवावीत, तशी ती दिसते आणि संपत्तीचे प्रतीक मानली जाते. व्यापाऱ्याच्या घरी ती शोभावी, यात नवल नाही.

आता करण्याची रीत. साहित्य थोडे लागते: साधारण दोन मिलिमीटर जाडीचा गोल, गुळगुळीत दोरा, थर्माकोलचा किंवा जाड पुठ्ठ्याचा पाट, टाचण्या, चिमटा आणि कात्री. दोन नाण्यांच्या गाठीसाठी दोऱ्याच्या एका टोकाचे वेटोळे पाटावर ठेवून टाचणीने अडकवतात. दुसरे टोक त्या वेटोळ्यातून एकदा वरून, एकदा खालून, पुन्हा वरून, पुन्हा खालून असे न चुकता आळीपाळीने नेले की दुसरे वेटोळे पहिल्यात अडकते. एका ठिकाणी जरी वर-खालचा क्रम चुकला, तरी गाठ हातात सुटून येते. ही गाठ सपाट असल्याने क्लिपेवर छान बसते. हीच गाठ न आवळता दोन्ही टोके वळवून मधल्या पोकळीतून बाहेर काढली आणि हळूहळू ओढली, तर तिचा घट्ट गोल मणी होतो. ती चिनी गुंडी.

‘गुंडी’ हा शब्द आपल्याला परका नाही. बटणे येण्यापूर्वी कापडाची गुंडी आणि तिच्यासाठी दोऱ्याचा फासा यांवरच कपडे बंद होत. ‘बटण’ या अर्थाने तो शब्द मराठीत राहिलाही. दोऱ्याच्या गाठीची आपली स्वतःची परंपरा तर पाटवेकऱ्यांनी सांभाळली. ठुशी, पुतळ्यांची माळ, कोल्हापुरी साज हे दागिने सोनाराने घडवले, तरी ते दोऱ्यात ओवून, गाठवून, मागे मागे-पुढे सरकणारा गोफ आणि गोंडा लावून गळ्यात घालण्याजोगे करतो तो पाटवेकरी. नवकारवाळीचे एकशेआठ मणी गुंफून शेवटी गोंडा बसवणे हेही त्याच जातीचे कसब. केसांत मूद, राखडी, केवडा, अग्रफूल यांच्या जोडीने वेणीला गोंडे असत. बंजारा स्त्रियांच्या वेशात तर गोंडे आणि कवड्या यांचे वैभव आजही दिसते. पन्नास वर्षांपूर्वी घरोघरी मॅक्रमेचे झुले, तोरणे आणि कुंड्यांची शिंकी होत. त्यातील चौकोनी गाठ चिनी गाठकामातही आहे. म्हणजे चिनी गाठ शिकणाऱ्या मराठी हाताला सर्वस्वी नवे असे फारसे शिकायचे नसते. सवयीच्या कसबाला नवी मांडणी द्यायची असते.

चिनी कारागीर या कामाचे तीन टप्पे मानतात: गुंफणे, आवळणे आणि पक्के करणे. नवशिक्याला वाटते, गुंफणे कठीण. प्रत्यक्षात कौशल्य आवळण्यात आहे. दोरा कोठून ओढला की कोठली पाकळी लहान होईल हे ओळखून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सैलपणा थोडाथोडा पुढे सरकवीत न्यावा लागतो. घाईने ओढले तर एक बाजू आखडते आणि दुसरी फुगते. अखेरीस नायलॉनचा दोरा असेल तर टोक किंचित वितळवून, सुती असेल तर आतल्या बाजूने बारीक टाका घालून गाठ पक्की करतात. केसांतील वस्तू रोज ओढली जाते, तेलाला आणि पाण्याला तोंड देते. म्हणून हा शेवटचा टप्पा टाळणारा कारागीर ग्राहक गमावतो.

चांगल्या चिनी गाठीची ओळख एका गोष्टीवरून पटते. ती उलटी करून पाहावी. भरतकाम उलटे केले की मागे दोऱ्यांची गर्दी दिसते. उत्तम गाठीची मागची बाजू पुढच्या बाजूसारखीच असते. जे समोर, तेच पाठीमागे.

ही कसोटी वस्तूपुरती न ठेवता तिच्या हिशेबालाही लावावी लागेल.

दौंड तालुक्यातील भांडगावसारखे गाव घ्यावे. पुणे-सोलापूर महामार्गावर, यवत आणि केडगाव यांच्या शेजारचे हे गाव. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर. तालुका उसाचा. जवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निराधार स्त्रियांसाठी मुक्ति सदन उभारले आणि विणकाम, छपाई यांसारखी कामे शिकवून स्त्रीच्या हाताला कमाईचे बळ देता येते, हे दाखवले. त्या परिसरातील एखाद्या बचत गटाने केसांच्या गाठीदार क्लिपा करायचे ठरवले आणि पुण्याच्या व्यापाऱ्याने त्या घ्यायचे ठरवले, तर व्यवहार कसा उभा राहील? पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने आपल्या बाजारभावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

समजा, एका क्लिपेला दोरा चार रुपयांचा, क्लिप तीन रुपयांची, डिंक आणि वेष्टन दोन रुपयांचे. कच्चा माल नऊ रुपये. सरावलेल्या हाताला एका नगास वीस मिनिटे लागतात, म्हणजे तासाला तीन नग. आता मजुरी किती धरावी? पुष्कळदा उत्तर येते, “घरबसल्या मोकळ्या वेळातले काम आहे, नगाला पाच रुपये पुष्कळ झाले.” पाच रुपये नग म्हणजे तासाला पंधरा रुपये, आणि आठ तासांचे एकशेवीस. तीच स्त्री शेजारच्या शेतात खुरपायला गेली, तर याहून कितीतरी अधिक घेऊन येईल. मग ‘घरबसल्या’ या एका शब्दाने तिच्या तासाची किंमत कोठे गेली?

याउलट दिवसाचे चारशे रुपये धरले, तर तासाचे पन्नास, आणि नगामागे मजुरी जवळपास सतरा रुपये. नऊ आणि सतरा मिळून सव्वीस. व्यापाऱ्याने आपला खर्च आणि नफा धरून ती दुकानदाराला बत्तीसला दिली आणि दुकानदाराने पन्नासला विकली, तरी व्यवहार बसतो. प्रश्न एवढाच उरतो की यंत्रावर किंवा मोठ्या कारखान्यात झालेली तशीच दिसणारी क्लिप बाजारात वीस रुपयांना मिळते. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, वीस रुपयांशी स्पर्धा करण्यासाठी हाताची मजुरी कापत जाणे. दुसरी, हातकाम हे हातकाम म्हणून, त्याच्या टिकाऊपणासह आणि खुणेसह, वेगळ्या ग्राहकाला विकणे. पहिल्या वाटेवर कारागीर टिकत नाही आणि काही महिन्यांत व्यापाऱ्याचा पुरवठाही आटतो. म्हणजे केवळ व्यवहाराच्या बाजूने पाहिले, तरी दुसरी वाटच हिताची.

नगाचा दर ठरवताना आणखी एक चूक होते. गटातील सर्वांत चपळ हाताची वेळ धरून दर काढला जातो. नवशिकीला त्याच नगास चाळीस मिनिटे लागतात. तिची मजुरी अर्ध्यावर येते आणि ती महिनाभरात काम सोडते. पहिले दोन महिने शिकण्याचा वेगळा दर ठेवला, तर तो खर्च व्यापाऱ्याची गुंतवणूक ठरतो. बिघडलेला माल, रंग न जुळलेला दोरा, परत आलेले नग यांचीही तरतूद आधीच करावी. ती न केल्यास हा भार शेवटी सर्वांत दुबळ्या माणसाच्या मजुरीवर पडतो.

सर्वांत मोठी गाठ मात्र उधारीची असते. शंभर नगांचे सव्वीसशे रुपये व्यापाऱ्याने साठ दिवस अडकवले, तर त्यातील नऊशे रुपये त्या स्त्रीने कच्च्या मालासाठी स्वतःच्या गाठीचे घातलेले असतात. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर लाखोंची उलाढाल असलेल्या पेढीला भांडगावची गृहिणी बिनव्याजी भांडवल पुरवीत असते. कायद्यानेही याची दखल घेतली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 प्रमाणे अशा पुरवठादाराला लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात; उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकराच्या नियमातही बदल झाला असून, सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे या मुदतीत दिले नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्याच वर्षी वजावटीस मिळतो. त्यासाठी कारागिराची वा गटाची ‘उद्यम’ नोंदणी असावी लागते. ती विनामूल्य आहे. माल घेणाऱ्या व्यापाऱ्यानेच ती करून घेण्यास मदत केली, तर त्याच्या सचोटीचा यापेक्षा चांगला दाखला कोणता?

कर्जाबाबत दोन शब्द. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. परंतु या व्यवसायाला आरंभी दोन-तीन हजारांहून अधिक लागत नाही. पहिला माल विकून त्याचे पैसे प्रत्यक्ष हाती येईपर्यंत कर्ज न काढणेच शहाणपणाचे. कर्ज ही निरगाठ आहे. मारायला सोपी, सोडवायला अवघड.

आता प्रश्न धर्माच्या बाजूचा. श्रावकाच्या व्यवसायाला आपल्या आचार्यांनी मर्यादा घालून दिल्या आहेत. पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि केशवाणिज्य यांचा समावेश आहे. प्राण्यांच्या अवयवांचा आणि जीवांचा व्यापार टाळावा, हा त्यांचा आशय. केसांच्या वस्तूंत शिंगाच्या फण्या आणि हाडांच्या काड्या आजही येतात, हे लक्षात घेतले म्हणजे दोऱ्याची गाठ किती निर्दोष पर्याय आहे, ते उमगते. तथापि दोराही पारखून घ्यावा. चिनी गाठी मूळच्या रेशमाच्या. रेशमासाठी कोशातील जिवंत किडे उष्णतेने मारले जातात. बाजारात ‘सिल्क दोरा’ म्हणून मिळणारा चकाकता दोरा बहुधा नायलॉन, पॉलिएस्टर किंवा रेयॉन असतो, पण नावावर विसंबू नये; पुरवठादाराकडून लिहून घ्यावे. शक्य तेथे सुती दोरा वापरावा. तो केसांनाही सौम्य आणि टाकल्यावर मातीत मिसळणारा.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. अस्सलाच्या जागी तशीच दिसणारी दुसरी वस्तू देणे, हा त्याचा अर्थ. यंत्राचा माल ‘हातकाम’ म्हणून विकणे आणि पॉलिएस्टर ‘रेशमी’ म्हणून देणे, ही दोन्ही त्याचीच आजची रूपे होत. मग हाताच्या वीस मिनिटांना पाच रुपये देऊन ‘ग्रामीण भगिनींनी प्रेमाने बनवलेले’ अशी चिठ्ठी लावून पन्नासला विकणे, याला काय म्हणावे? वस्तू अस्सल असते, पण तिच्यामागची गोष्ट खोटी होते. गाठीची पुढची बाजू सुबक आणि मागची बाजू गुंतलेली, असेच ते झाले.

आपल्या परंपरेत साधूला ‘निर्ग्रंथ’ म्हणतात. ज्याची ग्रंथी, म्हणजे गाठ, सुटली तो. कर्मशास्त्रात राग-द्वेषाच्या दृढ गाठीचा भेद झाल्यावाचून सम्यक्त्व नाही, असे सांगितले आहे. संसारी माणसाला सगळ्या गाठी लगेच सोडवता येत नाहीत. त्याच्या धंद्यात, घरात, नात्यात गाठी मारणे भागच असते. परंतु लोभाची गाठ सैल ठेवणे आणि शब्दाची गाठ घट्ट ठेवणे त्याच्या हाती असते.

येत्या दिवाळीत केसांच्या शोभिवंत वस्तूंचा माल भरताना व्यापारी बांधवांनी एक नमुना हाती घेऊन तो उलटा करून पाहावा. गाठ दोन्ही बाजूंनी सारखी असेल, तर ती करणाऱ्या हाताला काय मिळाले, हे विचारावे. त्याचे उत्तर वहीत लिहिण्याजोगे असले, म्हणजे वहीपूजनाच्या दिवशी ती वही निःशंक मनाने उघडता येईल.

जय जिनेंद्र.